माघार आणि विवेक

पराक्रमाच्या ऐन भरात शस्त्र खाली ठेवणारा मनुष्य भित्रा म्हणावा की शहाणा, हा प्रश्न फार जुना आहे. २०१५ साली तो अमेरिकेत एका तरुण खेळाडूच्या निमित्ताने पुन्हा विचारला गेला.

ख्रिस बोरलँड हे त्याचे नाव. अमेरिकन फुटबॉल हा नावाने फुटबॉल असला, तरी लंबगोल चेंडू हातात घेऊन आणि प्रतिपक्षाला अंगाने भिडून खेळायचा खेळ आहे. त्यात लाइनबॅकर हा बचावाच्या दुसऱ्या फळीतील गडी. समोरची चाल क्षणार्धात ओळखायची आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवे पाडायचे, हे त्याचे काम. धडक हा त्याच्या कामातील अपघात नसून त्याचे नित्यकर्मच होय.

विस्कॉन्सिन विद्यापीठात इतिहास शिकलेल्या बोरलँडला २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स या संघाने घेतले. पॅट्रिक विलिस हा नामांकित लाइनबॅकर जायबंदी झाल्यावर त्याला संधी मिळाली आणि पहिल्याच हंगामात त्याने शंभराहून अधिक वेळा प्रतिस्पर्ध्यांना रोखले. पुढे उज्ज्वल भवितव्य दिसत असता, १६ मार्च २०१५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. करार चार वर्षांचा होता. करारासमयी मिळालेल्या सुमारे ६ लाख १७ हजार डॉलरपैकी तीन चतुर्थांश रक्कम त्याने परत केली.

कारण कोणतीही मोठी दुखापत नव्हती. हंगामापूर्वीच्या सराव शिबिरात डोक्याला जबर धक्का बसूनही, संघातले स्थान मिळवायचे म्हणून तो खेळत राहिला होता. आपण हे काय करीत आहोत, असा विचार त्याच्या मनात तेथे सुरू झाला. त्याने वाचन केले, संशोधकांशी चर्चा केली. २००२ साली पिट्सबर्ग येथे डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या दिवंगत खेळाडूच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हापासून सीटीई हा विकार चर्चेत आला होता. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे मेंदूचा हळूहळू ऱ्हास होतो, असे त्याचे स्वरूप.

याच जागी खेळलेल्या ज्युनियर सेआऊ या थोर लाइनबॅकरची कहाणी बोरलँडच्या शेजारी ठेवून पाहावी. सेआऊ वीस हंगाम खेळला. २०१२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याच्या मेंदूत हाच विकार आढळला. त्याचा अखेरचा हंगाम २००९ चा. आणि अशा आघातांचे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात हे लीगच्या प्रवक्त्याने जाहीरपणे मान्य केले, तेही त्याच वर्षाच्या डिसेंबरात. म्हणजे सेआऊने धोका स्वीकारला असे म्हणावे, तर तो किती मोठा आहे हे त्याला कोणी सांगितले होते? ज्ञानावाचून दिलेल्या संमतीला नैतिक मोल कितीसे असणार?

बोरलँडपाशी ते ज्ञान होते, परंतु खात्री नव्हती. सीटीईचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात या लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत तो आढळला. मात्र हे मेंदू बहुधा लक्षणांमुळे शंका आलेल्या कुटुंबांनीच दान केलेले होते. त्यावरून सर्व खेळाडूंविषयी अनुमान काढता येत नाही. तेव्हा खात्रीची वाट पाहणाऱ्यास ती मिळणार कधी, तर निर्णय घेणारा मेंदूच उरलेला नसताना! अशा ठिकाणी सबळ शंकेवरून वागणे याला भीती म्हणता येत नाही. तो विवेकच होय.

संघाने दिलेल्या संधीचे ऋण काही उरत नाही काय, असा आक्षेप येईल. न केलेल्या कामाचे पैसे परत करून त्याने ते फेडले. कराराने श्रम विकले जातात; बुद्धी आणि स्मृती विकल्या जात नाहीत.

मात्र म्हणून खेळत राहणारे अविवेकी ठरत नाहीत. ज्याच्यासाठी हा खेळ दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग आहे, त्याच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात संपूर्ण कुटुंब बसलेले असते. पदवी हाती असलेल्यास माघार जितकी परवडते, तितकी त्याला परवडत नाही. त्याला दोष देण्यापूर्वी आपण प्रेक्षकांकडे पाहिले पाहिजे. या खेळाचा अंतिम सामना अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोक पाहतात. धडकेला मिळणाऱ्या टाळ्यांतूनच तिची किंमत ठरते.

सेआऊचा खेळ पाहणाऱ्यांना, आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हणता येत होते. आज ते कोणालाच म्हणता येणार नाही. ज्याला कळले त्याने निदान आपल्यापुरता तरी निर्णय घ्यावा, एवढीच अपेक्षा नीती करते. बोरलँडने चोविसाव्या वर्षी ती पुरी केली. टाळ्या वाजवणाऱ्यांनी ती अजून करावयाची आहे.