साचा आणि करुणा : होमरच्या नैतिक दृष्टीविषयी

‘इलियड’ हे ग्रीकांचे महाकाव्य असूनही त्यात शत्रुपक्षाचा हेक्टर श्रोत्यांच्या सहानुभूतीस पात्र ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभकाळी सिमोन वेल हिने या समदृष्टीतच काव्याची थोरवी पाहिली. परंतु ही दृष्टी नेमकी कोणाची? होमरच्या एककर्तृत्वाविषयी फ्रीड्रिश ऑगस्ट वोल्फ याने १७९५ साली शंका उपस्थित केली होतीच. पुढे मिल्मन पॅरी याने होमरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेल्या साचेबद्ध उक्तींची आहे असे प्रतिपादिले, आणि १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांचे काव्य ध्वनिमुद्रित करून अशा मौखिक रचनेचा जिवंत पुरावा गोळा केला. शब्द परंपरेचे असतील, तर त्यांतील करुणेचे श्रेय कवीला कसे द्यावे? जी निवडलेली नाही, तिला नैतिक मूल्य असते काय?

या प्रश्नाचे उत्तर काव्यातच शोधले पाहिजे. सोळाव्या सर्गात हेक्टरच्या हातून पॅट्रोक्लस मरतो. बाविसाव्या सर्गात त्याचा सूड म्हणून अकिलीस हेक्टरला मारतो. दोघांच्या प्राणोत्क्रमणाचे वर्णन करणाऱ्या तीन ओळी शब्दशः एकच आहेत. मृत्यूचे वर्णन करण्याच्या कितीतरी रीती परंपरेने गायकाच्या हाती दिल्या होत्या. तरी मारलेला आणि मारणारा यांच्या वाट्याला येथे तेच शब्द येतात. साचा परंपरेचा, पण त्याची योजना काव्याची. वस्तुतः भाषा कोणालाच स्वतःची अशी मिळत नाही. वारशाने आलेला शब्द कोणासाठी उच्चारायचा, एवढेच बोलणाऱ्याच्या हाती असते, आणि नैतिक जबाबदारीचा आरंभही तेथेच होतो.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या प्रकरणात असा आक्षेप घेतला की, वीरांचा विलाप ऐकवून काव्य श्रोत्यांच्या विवेकाला दुर्बल करते. चोविसाव्या सर्गापुढे हा आक्षेप टिकत नाही. मुलांचा वध करणाऱ्या हातांचे चुंबन घेऊन प्रायम हेक्टरचे प्रेत मागतो. दोघे एकत्र रडतात, पण एकासाठी नव्हे : प्रायम हेक्टरसाठी रडतो, अकिलीस आपल्या पित्यासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. अंत्यविधीपुरता युद्धविराम ठरतो. बाराव्या दिवशी पुन्हा लढावे लागेल, हे प्रायम स्वतःच बोलून दाखवतो. या अश्रूंनी विवेक झाकोळला जात नाही. युद्ध थांबणार नाही याची जाणीव ठेवूनच ते ढाळलेले आहेत.

अर्थात या समदृष्टीला मर्यादा आहेत. ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात बारा दासींना फासावर लटकवले जाते; त्यांच्या वाट्याला जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची उपमा येते, वीरांच्या मृत्यूची ती गंभीर पदावली नव्हे. म्हणून होमरचा वारसा सांगताना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात : परंपरेच्या शब्दांत शत्रूलाही सामावून घेता येते, आणि ते कोणासाठी उच्चारले गेले नाहीत, याचाही हिशेब काव्याकडे मागता येतो.