भोजनगृहातील वादन आणि अवधानाचे ऋण

म्हैसूर शहराच्या पूर्वेस, चामुंडी टेकडीच्या परिसरात उभा असलेला ललितमहाल हा चौथे कृष्णराज वडियार यांनी व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी बांधविलेला प्रासाद. १९२१ हे त्याच्या उभारणीचे साल. आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. डब्ल्यू. फ्रिचली यांचा आणि घुमटाची प्रेरणा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलची. १९७४ मध्ये या राजवाड्याचे हॉटेल झाले. ज्या दालनात पूर्वी साहेबी पाहुण्यांची नृत्ये होत, ते भोजनगृह बनले आणि रात्रीच्या जेवणाबरोबर अभिजात संगीताचे वादन ऐकविण्याची प्रथा तेथे पडली. वरकरणी ही आतिथ्य-व्यवसायातील एक सोय आहे. परंतु तिच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या कलेसाठी एखाद्याने आयुष्य वेचले, ती दुसऱ्याच्या घासाची सोबत म्हणून सादर व्हावी काय? आणि तशी ती होत असेल, तर जेवणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते?

या प्रश्नाचे एक उत्तर तत्परतेने दिले जाते. दरबारात मानाने नांदणारी कला बाजारात आली आणि तिचे अधःपतन झाले, असे ते उत्तर. म्हैसूरच्या संदर्भात ते विशेष पटण्याजोगे वाटते. वीणा शेषण्णा याच दरबारचे. आग्रा घराण्याचे नत्थन खाँ येथे आश्रयाला होते आणि त्यांच्या तालमीचा लाभ भास्करबुवा बखले यांच्याद्वारे महाराष्ट्राला झाला. अब्दुल करीम खाँ यांचा येथे गौरव झाला; त्यांच्या गायकीतील कर्नाटकी संस्कारांशी या दरबाराचे नाते आहे. गोहरजान १९२८ मध्ये येथे नेमली गेली आणि १९३० मध्ये येथेच निवर्तली. कृष्णराज स्वतः अनेक वाद्ये वाजवीत. त्यांचे वारस जयचामराज वडियार हे तर कर्नाटक संगीतातील रचनाकार होते. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. ज्या १९७४ साली जयचामराज वडियार निवर्तले, त्याच साली ललितमहालाचे हॉटेल झाले. राजाची जागा ग्राहकाने घेतली, असे म्हणण्यास इतिहासाने जणू तारखाच जुळवून दिल्या आहेत.

तथापि ही मांडणी अर्धसत्य आहे. दरबारी कलावंत हाही अखेर आश्रितच होता. मालकाची मर्जी हेच त्याच्या प्रतिष्ठेचे परिमाण. मिरजेच्या एका समारंभाला तरुण विष्णु दिगंबरांना आमंत्रण आले आणि त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना मात्र वगळले गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि तिकीट लावून जाहीर गायन करण्याची वाट रुळविली. त्यांच्या दृष्टीने तिकीट ही कलेची विटंबना नव्हती. आश्रितपणातून सुटण्याचा तो मार्ग होता. म्हणजे पैसा देऊन ऐकणे हे स्वभावतः हीन नव्हे. दोष असलाच तर तो अन्यत्र शोधला पाहिजे.

तो अन्न आणि संगीत यांच्या सान्निध्यातही नाही. लग्नघरी पंगत बसलेली असताना सनई-चौघडा वाजतच असतो. युरोपात टेलेमानने १७३३ मध्ये भोजनसंगीताचा संग्रहच प्रसिद्ध केला. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ (१७८७) या संगीतिकेच्या अखेरीस नायक जेवत असताना वादकांचा ताफा त्याला लोकप्रिय सुरावटी ऐकवितो. त्यांपैकी एक खुद्द मोझार्टचीच आहे. आपल्या कलेची ताटाशेजारची जागा रचनाकाराने डोळसपणे पाहिली आणि तिचेही नाट्य केले.

मराठी पंगतीतील श्लोक म्हणण्याची प्रथा या संदर्भात अधिक बोधप्रद आहे. जेवता जेवता कोणी एक जण खड्या आवाजात श्लोक म्हणतो, बाकीचे हात थांबवून ऐकतात, अखेरीस एकमुखाने गजर करतात आणि मग पुन्हा घास उचलला जातो. येथे म्हणणारा आणि ऐकणारा यांत कायमचा भेद नाही, कारण पाळी फिरते. ज्याला आपलेही ऐकले जावे असे वाटते, तो दुसऱ्याचे ऐकून घेतो. अवधानाची ही परतफेड पंगतीच्या रीतीतच अंतर्भूत आहे. हॉटेलच्या भोजनगृहात पाळी फिरत नाही. वादक नेहमी वादकच, जेवणारा नेहमी जेवणाराच. परतफेडीची ती सहज वाट बंद झालेली असते आणि तिच्या जागी देयकाचा कागद येतो.

भारतीय साहित्यविचाराने या विषयाचे मर्म फार पूर्वी ओळखले होते. रस म्हणजे काय हे सांगताना भरताने दृष्टांत घेतला तो भोजनाचाच. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सुमनस् पुरुष आस्वादितात. त्याप्रमाणे सुमनस् प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतात. या दृष्टांताचे बळ ‘सुमनस्’ या शब्दात आहे. चव पदार्थात असते हे खरे. पण सावध, प्रसन्न मन नसेल तर ती कोणाला लाभत नाही. पुढे अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली, त्यांपैकी दोन येथे नेमकी लागू पडतात. एक, स्वतःच्याच सुखदुःखात मन गुंतून पडणे. दुसरे, जे प्रधान असावे त्याला गौणत्व येणे. भोजनगृहातील वीणेपुढे ही दोन्ही विघ्ने हात धरून उभी असतात. आणि विरोधाभास असा की, त्यांपैकी पहिल्या विघ्नावर अभिनवगुप्ताने सुचविलेला उपाय म्हणजे गायन, वादन आणि सुशोभित मंडप! मनाला स्वतःच्या व्यापातून बाहेर काढणे हे या साधनांचे कार्य. रंगीत काचांच्या घुमटाखालील त्या भव्य दालनात मंडपही आहे आणि वादनही आहे. मात्र तेथे ती साधने भोजनसुखाच्या सेवेला लावली जातात. विघ्न दूर करणारेच विघ्नाच्या दिमतीला दिले जाते.

असे असूनही अवधान पूर्णपणे हद्दपार करता येत नाही. १९२० मध्ये पॅरिसमध्ये एरिक साती याने घरातील खुर्च्या-टेबलांप्रमाणे केवळ असावे, ऐकले जाऊ नये, असे ‘फर्निचर संगीत’ मध्यंतरात सादर केले. वादन सुरू होताच लोक गप्प झाले. बोला, हिंडाफिरा, असे साती त्यांना विनवीत राहिला. रचनाकाराने स्वतः मोकळीक दिली तरी श्रोत्यांना ती सहजी घेता आली नाही. याचा अर्थ असा की, दुर्लक्ष ही माणसाची मूळ प्रवृत्ती नसून ती अंगवळणी पाडलेली सवय आहे. आणि जी सवय लावून घेता येते, तिची जबाबदारीही घ्यावी लागते.

मग अशी वादने बंद करावीत काय? तसा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील वाद्यवृंदांत रात्री वाजविणारे गोमंतकीय वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियु शाव्हियेर व्हाज त्यांपैकीच. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. हॉटेलच्या नृत्यगृहाने त्यांना पोसले, त्यांचा हात तयार ठेवला. कलावंताच्या उपजीविकेचे साधन काढून घेऊन कलेची प्रतिष्ठा राखणे, हा ज्याचे पोट भरलेले आहे त्याचा आदर्शवाद झाला.

प्रश्न अखेर जेवणाऱ्याकडे येतो. त्याने दिलेल्या पैशात वादकाचे मानधन येते. वादकाला ‘न ऐकण्याचा’ हक्क मात्र त्या पैशात विकत मिळत नाही. वेतन हे श्रमाचे मोल आहे. अवधान हे माणसाने माणसाला द्यायचे ऋण आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही चलनात फिटत नाही. त्यासाठी जेवणे सोडून मौन पाळावे लागते, असेही नाही. एखादी आलापी पूर्ण होईपर्यंत हातातला चमचा थांबावा, वादन संपल्यावर त्या दिशेने एकदा पाहावे, राग कोणता हे विचारावे; पंगतीतले लोक श्लोकासाठी एवढे तर करीतच आले आहेत. यजमान संस्थेलाही एक लहानशी गोष्ट करता येईल. भोजनपत्रिकेवर प्रत्येक पदार्थाचे नाव असते, त्यात काय काय घातले आहे तेही लिहिलेले असते. त्या रात्री वाजविणाऱ्याचे नाव मात्र तेथे बहुधा नसते. ते छापले जावे.