धमकी, अफवा आणि आमचे मत

मतदानाच्या दिवशी कुणी काठी घेऊन वाटेत उभा राहिला, तर ती धमकी आहे हे पोरालाही कळते. पण आदल्या रात्री मोहल्ल्यात कुणी एवढेच म्हणून गेला, की "मत कुणाला दिले ते आम्हाला कळणारच आहे," तर त्याला काय म्हणायचे? हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तरी सकाळी चार घरांतली माणसे बाहेर पडत नाहीत. न झालेल्या मतदानाची नोंद असते, त्यामागच्या भीतीची नसते.

आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक. निवडणूक आली की कुठल्यातरी शाळेच्या वर्गात मतदान अधिकारी म्हणून बसतो. म्हणून जे माहीत आहे ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. मतदाराचे नाव नसते. तुम्ही कोणते बटण दाबले, हे आम्हालाही कळत नाही.

म्हणजे ती धमकी खोटी. पण पुरती खोटी नाही, आणि तिचे बळ तिथेच आहे. माणसाचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. मोजणी केंद्रवार होते. एका केंद्रावर एकच मोहल्ला असेल, तर त्याचा कौल उघडा पडतो. मतपत्रिकांच्या काळात जिथे मतदारांना त्रास होण्याची भीती असे, तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणारे 'टोटलायझर' निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही.

याचा अर्थ काय होतो, ते २०१९ मध्ये दिसले. सुलतानपूरच्या सभेत मनेका गांधींनी मुस्लिम मतदारांना केंद्रवार निकालाची आठवण दिली. मते कमी पडली आणि नंतर कामासाठी आलात तर बघू, अशा आशयाचे त्या बोलल्या. आयोगाने त्यांना ४८ तास प्रचारबंदी केली. ४८ तास संपले. ऐकणाऱ्यांच्या मनातली भीती किती तासांनी संपली असेल?

आता दुसरी बाजू. त्याच निवडणुकीत एक संदेश मोबाइलवर फिरत होता. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवा, कलम ४९-अ प्रमाणे 'चॅलेंज व्होट' मागा, मतदान करता येईल. हे साफ खोटे होते. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नवे नाव घेताही येत नाही. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांची नियत नेक असणार. पण ज्याने त्यावर विसंबून यादी तपासली नाही, तो केंद्राच्या दारातून परत गेला. धमकीने एकाला घरी बसवले, दिलाशाने दुसऱ्याला दारातून परतवले. मत दोघांचेही गेले.

आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. मत म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे. आपल्या बुद्धीने ठरवणे. हा निर्णय भीतीने किंवा असत्याने काढून घेणे हा जुलूमच आहे. मतदारावर गैरवाजवी दबाव आणणे हा कायद्यानेही गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण तहकीक न करता खबर पुढे ढकलणाऱ्याला कुठलाच कायदा सहसा गाठत नाही. त्याला त्याच्या जमीरनेच गाठले पाहिजे.

हाच काटा आपल्याकडेही वळवायला हवा. बिरादरीचा शब्द मोडलास तर मय्यतीला कुणी येणार नाही, असे सांगणारा बुजुर्ग त्या पुढाऱ्यापेक्षा वेगळा कसा? धमकी आपल्या माणसाने दिली म्हणून ती नसीहत होत नाही.

टोटलायझर आणणे आमच्या हातात नाही. त्याची मागणी करणे आहे. यादी वेळेत पाहणे, शेजारणीचे नाव शोधून देणे, ऐकलेली गोष्ट बीएलओला विचारल्याशिवाय दुसऱ्याला न सांगणे, हेही आहे. ज्या मोहल्ल्यात खरी माहिती आधी पोहोचते, तिथे रात्री येणाऱ्या माणसाला निदान अर्धे खोटे तरी सोबत आणता येत नाही.