गोणपाट आणि खेळ

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा यंदा स्कॉटलंडमधील डंडी येथें शिकावयास जावयाचें म्हणतो. विषय ऐकून बहिणीच्या कपाळास आठ्या पडल्या. व्हिडिओ गेम तयार करण्याची विद्या! ती मला म्हणाली, "दादा, तूं इतकीं वर्षें नीतिशास्त्र शिकवतोस, तूंच सांग त्याला. औषध करणारा, पूल बांधणारा, निदान कापड विणणारा माणूस जगाच्या कांहीं उपयोगीं पडतो. खेळ करून विकणें हा काय मनुष्यजन्माचा उद्योग झाला?" त्या दिवशीं मीं विषय टाळला. प्रश्न क्षुल्लक होता म्हणून नव्हे. माझेंहि मत तिच्याहून फारसें निराळें नव्हतें, आणि तें तसें कां आहे हें मला सांगतां येईना.

मग त्या गांवाचा इतिहास वाचावयास घेतला. डंडी हें टे नदीच्या मुखाशीं वसलेलें जुनें बंदर. १९ व्या शतकांत ह्या गांवानें जगाला गोणपाट पुरविलें. ताग आपल्या बंगालचा. पण तो इतका राठ की यंत्रांत घालण्यापूर्वीं मऊ करावा लागे. त्यास लागणारें देवमाशाचें तेल डंडीस आयतें मिळे, कारण तेथील जहाजें देवमाशांच्या शिकारीस जात. हा योग जुळला आणि गांव गिरण्यांनीं भरून गेलें. कॉक्स बंधूंचा कॅम्परडाउन कारखाना तागाच्या धंद्यांत जगांत सर्वांत मोठा गणला जाई. त्याचें सुमारें ८६ मीटर उंचीचें धुराडें अजून उभें आहे. गिरण्यांतून राबत त्या मुख्यतः बायका, कारण त्यांना मजुरी कमी दिली तरी चाले. यंत्रांचा कल्लोळ एवढा की त्या एकमेकींशीं हातवाऱ्यांनीं बोलत व ओठांवरून शब्द ओळखीत. पुढें पुष्कळजणींना ऐकूं येईनासें होई. बेकार नवरे घरीं चूल सांभाळीत, आणि गांव त्यांना 'किटली उकळणारे' म्हणून हसे.

आतां गोणी ही उपयुक्त वस्तु आहे, ह्याविषयीं माझी बहीणहि शंका घेणार नाहीं. धान्य, कॉफी, लोकर सर्व तींतूनच जगभर हिंडलें. परंतु ह्या धंद्याला खरी तेजी आली ती युद्धांनीं. १८५३ ते १८५६ चें क्रिमियाचें युद्ध, १८६१ ते १८६५ चें अमेरिकेंतील यादवी युद्ध, आणि १९१४ च्या महायुद्धांत खंदकांवर रचलेल्या वाळूच्या पिशव्या, ह्या सर्वांना गोणपाट लागलें. दूर कोठें माणसें मेलीं म्हणजे डंडीच्या मालकांचे वाडे उठत. त्यांना कोणी विचारलें असतें तर त्यांनीं निःशंकपणें सांगितलें असतें की आम्ही जगास उपयोगी पडतों. आणि तें खोटेंहि नव्हतें! 'उपयुक्त' हा शब्द किती सोशिक आहे हें मला येथें प्रथम उमगलें. त्याच्या पाठीवर वाटेल तें ओझें लादावें, तो हूं कीं चूं करीत नाहीं.

पुढें हाच धंदा मजुरी आणखी स्वस्त जेथें होती तेथें गेला. १८५५ त कलकत्त्याजवळ रिश्रा येथें पहिली तागाची गिरणी निघाली, तीहि डंडीहून आणलेल्या यंत्रांवर. आणि शतक संपतां संपतां हुगळीकांठानें डंडीस मागें टाकलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर गांवांत टायमेक्स ह्या घड्याळांच्या कंपनीचे कारखाने आले. ह्याच कारखान्यांत पुढें, १९८० च्या दशकाच्या आरंभीं, सिंक्लेअरचे स्वस्त घरगुती संगणक बनूं लागले. गांवांतील पोरांच्या हातीं ते सहज पडले. कारखान्यांत उमेदवारी केलेल्या डेव्हिड जोन्स नांवाच्या तरुणास कामावरून कमी करतांना जी रक्कम मिळाली, तींतून त्यानें चांगलासा संगणक घेतला व मित्रांसह खेळ करणारी कंपनी काढली. १९९१ त त्यांचा 'लेमिंग्ज' हा खेळ निघाला. १९९७ त 'ग्रँड थेफ्ट ऑटो' निघाला, आणि त्याच वर्षीं तेथील अॅबर्टे विद्यापीठानें संगणकावरील खेळांची पदवी सुरू केली. माझ्या भाच्यास हवी आहे ती हीच.

'लेमिंग्ज' मीं त्याच्याकडूनच समजावून घेतला. अंधपणें पुढें चालत जाणारे चिमुकले जीव खड्ड्यांत पडून मरतात. त्यांतील एखाद्यास खणावयास, एखाद्यास पूल बांधावयास, एखाद्यास वाट अडवून उभें राहावयास सांगून बाकीच्यांना वांचवावयाचें. जो वाट अडवून उभा राहतो त्यास बहुधा शेवटीं उडवून द्यावें लागतें. "मामा, त्याचं वाईट वाटतं," भाचा म्हणाला. एकाचा बळी देऊन अनेकांना वांचवावें काय, हा प्रश्न मी वर्गांत कित्येक वर्षें मांडीत आलों आहें. विद्यार्थी तो टिपून घेतात, पण वाईट वाटल्याचें कोणी बोलल्याचें मला स्मरत नाहीं.

दुसऱ्या खेळाची गोष्ट इतकी सोपी नाहीं. त्यांत खेळणाऱ्यानें गुन्हेगार व्हावयाचें, मोटारी चोरावयाच्या, माणसें चिरडावयाचीं. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभेंत १९९७ त त्यावर प्रश्न निघाला. गंमत अशी की हा गहजब व्हावा म्हणून प्रकाशकांनींच एक प्रसिद्धितज्ज्ञ नेमला होता. सज्जनांचा संतापहि मालाबरोबर खपविला गेला. नाटकांत खून पाहिल्यानें कोणी खुनी होत नाहीं, हें मी मान्य करतों. पण नाटकांत मी पाहतों. येथें बोट माझें असतें. हा फरक लहान आहे असें मला म्हणवत नाहीं. तरीहि त्या चोरींत कोणाची खरी मोटार जात नाहीं, आणि त्या उपयुक्त गोणीपायीं खऱ्या बायकांचे खरे कान जात होते. दोहोंपैकीं कोणत्या कामाची लाज अधिक वाटावी?

आपल्या वेदान्तानें सृष्टीच ईश्वराची लीला मानिली, आणि आपल्या घरांतून मात्र खेळणाऱ्या पोरास धपाटा बसला. बेंथॅमनें पूर्वग्रह सोडल्यास पोरखेळ व काव्य सारख्याच मोलाचीं ठरविलीं. मिलनें सुखांत उच्चनीच भेद केला. मी विद्यार्थी असल्यापासून मिलच्या बाजूचा. पण सुखाची प्रत लावण्यापूर्वीं तें करणाऱ्याचें व घेणाऱ्याचें काय होतें, हें विचारावयाचें राहून जातें. मला भय चोरीच्या खेळाचें कमी वाटतें. त्याहून जास्त वाटतें तें मुलाला उठूंच न देण्यासाठीं रचलेल्या, आंतील बंद पेटीसाठीं पुनः पुनः पैसे काढावयास लावणाऱ्या खेळांचें. अशा कांहीं पेट्यांना बेल्जियमनें २०१८ त जुगार ठरविलें. तेथें खेळणारा हाच ताग होतो.

आणि एक. खेळांनीं डंडी वांचलें असें सर्रास म्हणतात. १९९३ त मोठ्या कडवट संपानंतर टायमेक्सचा कारखाना बंद झाला, तेव्हां दाराशीं उभ्या असलेल्यांत बायका पुष्कळ होत्या. ह्या नव्या धंद्यानें पदवीधर तरुणांना पोटाशीं धरलें, त्या बायकांना नव्हे. मुंबईच्या गिरणगांवांत १९८२ च्या संपानंतर काय झालें हें आपण जाणतों. जमिनीचें सोनें झालें, कामगाराचें झालें नाहीं. शहर वांचलें म्हणतांना कोण वांचलें? नवा धंदा तरी कोठें स्थिर आहे! पहिली कंपनी एडिंबरोस गेली. जोन्स ह्यांचीच पुढची मोठी कंपनी २०१० त, नवा खेळ बाजारांत आणल्यावर कांहीं आठवड्यांतच, बुडाली. तिच्यांतून सुटलेल्या मंडळींनीं गांवांतच लहान लहान कंपन्या काढल्या, हें त्यांच्या जिद्दीचें म्हणावयाचें.

मागल्या रविवारीं बहिणीकडे गेलों होतों. तिला म्हटलें, जाऊं दे त्याला. धंदा खेळाचा आहे म्हणून अडवूं नकोस. कोणता खेळ करणार, कोणाच्या जिवावर करणार, हें त्याला विचारीत राहा. ती कांहीं बोलली नाहीं. भाच्यास मीं तेथें पोहोंचल्यावर जुन्या तागगिरणींतील संग्रहालय पाहून येण्यास सांगितलें आहे. तो म्हणाला, "मामा, तिथं यंत्रं चालू करून दाखवतात का?" दाखवीत असतील तर कान झांकूं नकोस, एवढेंच मीं म्हटलें.