पाहिलेला घास

1 मे 2022 रोजी, कामगार दिनाच्या निमित्ताने, छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी लोकांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं. त्या दिवशी मंत्री आणि मोठमोठे अधिकारी यांचे बासी खातानाचे फोटो समाजमाध्यमांवर झळकले. बासी म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात. सकाळी तो मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि असेल तर भाजी किंवा दही घेऊन पाण्यासकट खायचा. भात ताजाच पाण्यात घालून खाल्ला तर तो बोरे. इथल्या उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्याचं हे जेवणही आणि उन्हावरचा उताराही.

मी नवा रायपुरात राहते. इथे मंत्रालय आहे, रुंद रस्ते आहेत, आणि त्या रस्त्यांखाली कधीकाळची धानाची शेतं आहेत. (त्याच 2022 च्या सुरुवातीला इथल्या 27 गावांतले शेतकरी मोबदल्यासाठी ठिय्या देऊन बसले होते. त्यांच्या डब्यात काय होतं ते कोणी विचारलं नाही.) गाव सोडून नोकरीला लागलेल्या पिढीला बासीची लाज वाटू लागली होती. साहेबांच्या फोटोंनी ती थोडी पुसली गेली. मला त्याचा आनंद झाला, आजही आहे. पण जी लाज चित्रं पाहून आली ती चित्रं पाहूनच गेली असेल, तर ती खरंच गेली का, हा प्रश्न सुटत नाही. डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदललं. सरकारं बदलतात, फलक बदलतात. ताटातल्या भाताची किंमत त्यांच्याबरोबर वरखाली व्हावी का?

आपल्या मराठीत ‘शिळं’ हा शब्द मान खाली घालूनच येतो. शिळी बातमी, शिळा विनोद, शिळ्या कढीला ऊत. तरी शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं खाणं हाच धर्म, आणि फोडणीचा भात शिळ्या भाताशिवाय जमत नाही हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामसी लोकांच्या आवडीचं म्हटलं आहे. गावगाड्यात शिळंपाकं कोणाच्या ओंजळीत पडायचं हेही आपण जाणतो. तेव्हा अन्नावरून माणसाची प्रत ठरवणं जाहिरातवाल्यांनी शोधून काढलं असं म्हणायची सोय नाही. जुनं खाणं निष्पाप होतं आणि टीव्हीने ते नासवलं, ही गोष्ट मला पटत नाही.

फरक आहे तो दुसरा. जुनी उतरंड माणसाला एका पायरीवर बांधून टाकत असे. जाहिरात म्हणते, कोणीही वर चढू शकतो, फक्त विकत घे. ऐकायला हे फार उदार वाटतं. पण चढणारा कधी पोचला तर धंदा बंद पडेल, म्हणून वरची पायरी सतत सरकवत ठेवावी लागते. त्यासाठी आपल्याच शरीराकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकवावं लागतं.

हे शिकवणं किती झपाट्याने होतं याचं एक उदाहरण फिजीमधलं आहे. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची त्या वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये पाहणी केली. भरलेलं अंग हे तिथे चांगल्या घराचं, काळजी घेणाऱ्या माणसांचं लक्षण होतं. वजन कमी राहावं म्हणून खाल्लेलं ओकून टाकणारी मुलगी 1995 मध्ये एकही आढळली नाही. तीन वर्षांनी हे प्रमाण 11.3 टक्के होतं.

फिजी लांब आहे, पण ‘किती वाळलीस गं!’ हे वाक्य जवळचं आहे. माझ्या आजीच्या तोंडी त्यात काळजी होती, तूप वाढायची घाई होती. आता हेच वाक्य लग्नाच्या मांडवात कौतुक म्हणून ऐकू येतं आणि ऐकणारी खुलते. शब्द तेच राहिले, वाळण्याचा अर्थ फिरला. ज्यांनी तो फिरवला ते आपल्या कुटुंबातले नव्हते, त्यांना आपलं नावही माहीत नाही.

उंचीचंही तसंच. हॉर्लिक्स, कॉम्प्लानच्या जाहिरातींनी मुलाची उंची हा घराघरातला चिंतेचा विषय केला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमधली पाच वर्षांखालची सुमारे एक तृतीयांश मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. ज्यांची उंची खरोखर कोणीतरी हिरावून घेतली, ती मुलं त्या जाहिरातीत कधीच नव्हती. भुकेने बारीक राहिलेलं शरीर आणि पैसे मोजून बारीक केलेलं शरीर, दोघांचं माप एकच निघालं तरी एकाच शरीराचं चित्र रस्त्यावर लागतं.

म्हणून बासीच्या फोटोंपाशी परत यावं लागतं. त्यांचा हेतू चांगला होता. लाजेवर उपाय म्हणून अभिमान द्यावा, हेही समजतं. पण अभिमानालासुद्धा पाहणारा लागतो. साध्या भुकेला तो लागत नाही. एक दिवस हौसेने बासी खाणाऱ्याचा तो प्रसंग होतो. रोज खाणाऱ्याचा मात्र तो नाश्ता असतो, आणि नाश्त्याचे फोटो कोणी काढत नाही. आमच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाईंना मी त्या दिवसाबद्दल विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, ‘हमन तो रोज खाथन.’ त्यात ना लाज होती ना अभिमान. असं बोलता येणं मला त्या सगळ्या फोटोंपेक्षा मोठं वाटलं. बाई थोर आहेत असा निष्कर्ष काढायचा मोह झाला, तो आवरला, कारण पुढच्याच आठवड्यात त्या प्रोटीन पावडरीचा एक रिकामा डबा घेऊन आल्या. मुलगा कॉलेजात जातो, व्यायामशाळेत जातो, मोबाइलवर पाहून त्याला हेच हवं आहे. मित्राचा डबा होता, किंमत आणि मागची अक्षरं वाचून हवी होती. मी वाचून दाखवली. त्यांनी बोटांवर हिशेब केला, किती दिवसांची मजुरी होते त्याचा. मग विचारलं, हे भाताबरोबर घ्यायचं की भाताऐवजी? डब्यावर ते लिहिलेलं नव्हतं.