कापडाखालची दुपार

१९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, त्याच सुमारास आबांचे वडील नागपूरहून इथं नोकरीला आले. पुढं आबांचीही सगळी उमर त्या भट्ट्यांपाशी गेली. दर पाळीला तापमान वहीत मांडायचं, आकडा राहिला तर वरच्यांची बोलणी खायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी धमध्याच्या बाजूला, पुतण्याच्या जमिनीत छोटंसं पॉलिहाऊस उभारलं आणि टोमॅटोच्या त्या मुलखात लेट्यूस लावलं.

रोपं तरारली तसा आबांना घोर लागला. वाफ्यांवर त्यांनी भाताच्या पेंढ्याचा, तिकडच्या बोलीत पैऱ्याचा, वीतभर थर दिला, तोही खोडाला भिडवून. वर पांढरं क्रॉप कव्हर. दोन्ही उपाय तसे शहाणपणाचेच. पेंढ्यानं ओल टिकते, तण दबतं, पानांना माती लागत नाही. कापडामुळं मावा लांब राहतो. पण घातलेलं कापड आबांनी काढलंच नाही. जानेवारीत गारठा वाढला, तेव्हा दुसरा पदर चढवला.

थोड्याच दिवसांत गड्ड्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या.

"थंडीनं करपली," आबा म्हणाले आणि आणखी जाड कापडासाठी पैसे काढून ठेवले.

खुरपणीला येणारी गावातली बाई हे बघत होती. "बाबूजी, दुपारी त्या कापडाखाली जरा डोकं घालून बसा."

आबा हसले, पण बसले. चष्म्यावर वाफ धरली, मानेवरून घाम ओघळला. लेट्यूसला पंधरा-वीस अंश मानवतात. भिलाईत जानेवारीच्या दुपारीही पारा सत्तावीस-अठ्ठावीसला टेकतो; प्लास्टिकच्या छताखाली, कापडाच्या दोन पदरांत काय होत असेल! अशा दमट, कोंडलेल्या हवेत पानांतून पाणी उडत नाही. ते उडालं नाही, तर मुळांकडून पाण्याबरोबर येणारं कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही, मग मातीत ते कितीही असो.

बाईनं पेंढा उचलला. खाली गोगलगायी, बुंध्याशी कुजका वास. "इथून चार बोटं मागं घ्या."

"आबा, थर्मामीटर कुठं टांगलाय?" पुतण्यानं विचारलं. आबांनी उत्तर दिलं नाही. कुठंच नव्हता.

मग ठरलं. ऊन चढायच्या आत कापड गुंडाळायचं, रात्र फारच गार असेल तर ओढायचं, बाजूचे पडदे दिवसभर वर. डागाळलेली पानं काही सुधारत नाहीत. ती खुडून टाकली.

राहिला प्रश्न रोज सकाळी येणार कोण याचा.

"मी येईन," बाई म्हणाली, "पण त्याचे पैसे वेगळे."

आबांनी घासाघीस सुरू केली. एवढ्याशा कामाला एवढे पैसे? पाच मिनिटांचं तर काम!

"कापड घेताना दुकानदाराशी एवढं भांडला होतात का?" पुतण्या म्हणाला.

आबांनी बाईचा आकडा मान्य केला. जाड कापडाचे पैसे पुतण्याच्या हातात दिले आणि त्याला दोन थर्मामीटर आणायला पिटाळलं, एक कापडाखाली आणि एक बाहेर लावायला. वही तेवढी घरातली जुनी चालणार होती.