चाकांवरचा मांडव



इस्राएलात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा एका सकाळी फोन आला. "दादा, तुझ्या भाच्याने भाड्याचे घर सोडले. व्हॅनमध्ये गादी टाकून राहतो. लोकांना काय सांगू? तू शिक्षक होतास. तूच त्याला समजाव."

मी त्याला फोन केला आणि शिक्षकी आवाजात विचारले, "अरे, तुझा पत्ता काय लिहायचा?"

तो हसला. म्हणाला, "पत्ता आईचाच लिहा, मामा. मुंबईत असताना तुम्ही माझे प्रगतिपुस्तक दादाच्या प्रगतिपुस्तकाशेजारी ठेवून पाहत होता. पुढे सगळे आमची घरे शेजारी ठेवून पाहू लागले. या गाडीत दुसऱ्याशी तुलना करायला जागाच नाही. मी आहे तेवढा आहे, आणि तेवढा मला पुरतो."

मी गप्प झालो, कारण प्रगतिपुस्तकांची गोष्ट खरी होती. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. माणूस स्वतंत्र होतो तो घर सोडल्याने, की घरावरून स्वतःचे माप काढणे सोडल्याने?

मी राहतो त्या सिंगापुरात असा प्रयोग जवळजवळ अशक्यच. येथे गाडी घ्यायची तर आधी लिलावात परवाना घ्यावा लागतो. १९९० साली सुरू झालेल्या या पद्धतीत २०२३ साली लहान मोटारीच्या परवान्यानेही १ लाख सिंगापूर डॉलरचा आकडा ओलांडला. समुद्रकाठच्या उद्यानात रात्री तंबू ठोकायचा तरी परवानगी लागते. बहुतेक लोक १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात, आणि नवी ओळख झाली की फ्लॅट तीन खोल्यांचा, चार की पाच, हे लवकरच विचारले जाते. उत्तरावरून माणसाची इयत्ता ठरते.

पण जरा हिशोब करून पाहा. मोटारीचा परवाना १० वर्षांचा. ज्याला आपण 'स्वतःचा' म्हणतो तो मंडळाचा फ्लॅट ९९ वर्षांच्या पट्ट्याचा. १९९८ पासून येथे कबरीची जागासुद्धा १५ वर्षांपुरती मिळते. नंतर अस्थी काढून, ज्यांच्या धर्मात दफन आवश्यक आहे त्यांच्या लहान जागेत पुन्हा पुरतात. ऑर्चर्ड रोडजवळ आपल्या लोकांची जुनी दफनभूमी होती, तेथे आज धोबी घाट हे रेल्वेस्थानक आहे. मग भाच्याच्या व्हॅनमध्ये आणि माझ्या फ्लॅटमध्ये फरक तो मुदतीचाच ना?

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न नवा नव्हता. मांडवांच्या सणात सात दिवस पक्के घर सोडून कच्च्या सुक्केत राहण्याची आज्ञा आहे. मिश्ना सांगते की गाडीवर किंवा जहाजावर बांधलेली सुक्काही चालते. तालमुदात गोष्ट आहे. राब्बान गामलिएल आणि राब्बी अकिवा जहाजातून जात होते. अकिवांनी नाळेवर सुक्का उभारली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ती उडवून नेली. तेव्हा गामलिएलांनी विचारले, कुठे गेली तुझी सुक्का? त्यांच्या मते सुक्का पक्क्या घरासारखी हवी होती. अकिवांच्या मते ती तात्पुरतीच असते; जमिनीवरचा नेहमीचा वारा सोसला की झाले, समुद्राच्या वाऱ्यापुढे टिकली नाही तरी हरकत नाही.

भाच्याला पत्ता विचारताना मी गामलिएलांच्या बाजूने उभा होतो. पण आपण बेने इस्राएल तर फुटलेल्या जहाजाचे वंशज! आपली परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर सात जोडपी वाचली. ग्रंथ बुडाले, सामान बुडाले, शेमा आणि शब्बाथ तेवढे उरले. तेल गाळताना ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. सर्व वाहून गेल्यावर जे उरले त्यावरून त्यांची ओळख राहिली.

तरीही एका गोष्टीची सावधगिरी हवी. अमेरिकेत जेसिका ब्रूडर या लेखिकेने 'नोमॅडलँड' या २०१७ सालच्या पुस्तकात व्हॅनमध्ये राहणाऱ्या वृद्धांची हकीकत दिली आहे. त्यांतील कितीतरी जणांना २००८ च्या आर्थिक संकटानंतर घर परवडेना, म्हणून ते रस्त्यावर आले. लाचारीला स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा होईल. सुक्केचा नियम येथे किती समंजस आहे पाहा. पावसाने जेवण भिजू लागले, राहणे क्लेशाचे झाले, तर घरात परतण्याची मुभा आहे. पण परतायला घर हवे, आणि दार उघडणारे कोणी हवे.

म्हणून माझ्या मते स्वातंत्र्य चाकांत नाही आणि चौरस फुटांतही नाही. व्हॅनमध्ये राहून 'पाहा मी किती साधा' म्हणून मिरवणारा पुन्हा प्रगतिपुस्तकच लिहितो. घर उद्या उडून गेले तरी 'मी आहे तेवढा आहे' असे ज्याला न लाजता म्हणता येते, तो फ्लॅटमध्येही मोकळा आहे. मला अजून ते पुरते जमत नाही. साठी उलटली तरी कोणी खोल्या विचारल्या की माझा आवाज जरा बदलतो.

बहिणीला मी एवढेच सांगितले, "लोकांना सांग, तो बरा आहे. त्याच्यासाठी दार उघडे ठेव, पण त्यातून आत येच, असा हट्ट धरू नकोस." आणि भाच्याकडे त्या प्रगतिपुस्तकांबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, "मामा, या एकदा राहायला. गादी लहान आहे, पण दोघे मावू."

येत्या मांडवांच्या सणात जावे म्हणतो.